लष्कराच्या भाकऱ्या

'घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे बहुधा उपहासानेच योजला जातो. जो मनुष्य आपला धंदा बाजूस ठेवून दुसऱ्याची कामे अंगावर घेतो, त्याच्या पाठीमागे, आणि पुष्कळदा तोंडावरही, हे शब्द उच्चारले जातात. कोणी वाचनालयाच्या हिशेबात रात्र घालवितो, कोणी परगावच्या यात्रेत पाणी वाटीत बसतो. घरची मंडळी कपाळावर हात मारून घेतात आणि भाकऱ्यांची आठवण काढतात. मग जो आपले गावच काय, आपला देशही सोडून, ज्यांची भाषा येत नाही आणि ज्यांच्याशी नाते ना गोते, अशा लोकांच्या मुलांस शिकविण्यासाठी जातो, त्याच्या वाट्यास हा उपहास किती यावा! परदेशी जाऊन पैसा मिळविणे आम्हांस समजते. परदेशी जाऊन विद्या मिळविणे हेही समजते. परंतु परदेशी जाऊन नुसती सेवा करणे, हे गणित सुशिक्षित घरातही सहसा सुटत नाही. प्रस्तुत लेखात त्या गणिताचाच थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या सातारा जिल्ह्यास परमुलूख नवा नाही. पहिल्या महायुद्धात येथील शेतकऱ्यांची मुले मेसोपोटेमियात लढली. दुसऱ्यात आफ्रिकेच्या वाळवंटात आणि इटलीच्या डोंगरांत लढली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावास 'मिलिटरी' हे उपपद चिकटले ते याच परंपरेमुळे. तैग्रिस नदीच्या काठी मराठ्याचे काय काम, असा प्रश्न त्या वेळी घरोघर विचारला गेला असेल असे वाटत नाही. कारण तेथे पगार होता, हुकूम होता, आणि जो परत येई त्यास पेन्शन होते. म्हणजे परक्या मुलखात जाऊन मरणे ही गोष्ट मुळात आम्हांस चमत्कारिक वाटत नाही. तेथे बिनपगारी जाणे मात्र वाटते. हा भेद नीतीचा आहे की केवळ हिशेबाचा, हे वाचकांनीच पाहावे.

उंब्रजसारख्या गावी बसून हा प्रश्न विचारात घेतला म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. उंब्रज हे कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरचे गाव. पुण्याहून कऱ्हाडकडे जाणारा हमरस्ता गावास लागून जातो, आणि चाफळची वाट येथून फुटते. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे; एक जवळच मसुरास, दोन चाफळास. या खोऱ्यातील कोणासही विचारा, समर्थ आमचेच, असे तो सांगेल. पण समर्थ कृष्णाकाठचे नव्हते. त्यांचे गाव जांब, ते दूर गोदावरीच्या खोऱ्यात. नाशिकजवळ टाकळीस तपश्चर्या केली, बारा वर्षे देशाटन केले, आणि मग सतराव्या शतकाच्या मध्यास ते या बाजूस आले, असे त्यांचे सांप्रदायिक चरित्रकार सांगतात. आले तेव्हा त्यांस येथे कोण ओळखत होते? आज आपण ज्यास तरुणांचे संघटन म्हणतो, ते कार्य या खोऱ्यात एका परक्या मनुष्याने केले. बलोपासनेचे दैवत गावाच्या मध्यभागी उभे केले, मठ घातले, शिष्य नेमले, आणि स्वतः पुढच्या गावी गेले. परगावचा स्वयंसेवक म्हणजे काय, हे उंब्रजकरांस पुस्तकात वाचावयास नको. त्याने ठेवून दिलेला मारुती ते नित्य पाहतात.

समर्थांच्या संप्रदायात भिक्षेस मोठे स्थान आहे, आणि ते केवळ उदरनिर्वाहासाठी नव्हे. दारोदार गेल्याने कोणत्या घरी काय आहे आणि काय नाही हे कळते, लोकांची पारख होते, अशी त्यामागची दृष्टी आहे. आम्हांस येथे आमच्या वाक्प्रचाराची एक उणीव दिसते. तो असे धरून चालतो, की भाकऱ्या भाजणारा तेवढा देतो आणि लष्कर तेवढे खाते. वस्तुतः परक्या गावी राहणारा सेवक प्रथम खातो तो त्या गावाचे. पीठ त्यांचे, पाणी त्यांचे, बसावयास ओसरी त्यांची. आपण उपकार करावयास आलो आहोत, हा त्याचा समज पहिल्या आठवड्यात टिकला तर टिकतो. पुढे त्यास शरम वाटू लागते. ज्यास ती वाटत नाही त्याने परत जावे, हेच त्या गावाच्या हिताचे.

परंतु समर्थांचे उदाहरण घेतले की वाद लवकर मिटतो. संतांस सर्व क्षम्य असते. म्हणून संत नसलेला, परीक्षा दिलेला, पुढे दवाखाना थाटावयाचा अशा बेतात असलेला एक मराठी तरुण घेऊ. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. वैद्यकाचे शिक्षण मुंबईस शेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात झाले. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती झू द यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी हे कार्य उचलून धरले, आणि पाच डॉक्टरांचे एक पथक निघाले. अटल हे त्याचे प्रमुख. बसू आणि मुकर्जी हे दोघे बंगाली. उरलेले दोघे मराठी, नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ही मंडळी 'राजपुताना' बोटीने मुंबईहून निघाली. कोटणीस त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचेही पुरते झाले नव्हते.

व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेल्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या बोलपटामुळे हे नाव घराघरांत पोहोचले. बोलपटात शौर्य आहे, प्रेम आहे, मरण आहे. रोजचा दिवस तेवढा नाही. तो दोष शांतारामबापूंचा नव्हे, त्या कलेचा आहे. पण परदेशी सेवेची जी काही नैतिक कसोटी असेल ती याच रोजच्या दिवसात असते, असे आमचे मत आहे. म्हणून त्याकडे थोडे बारकाईने पाहू.

१९३९ च्या फेब्रुवारीत हे पथक येनानला पोहोचले. तेथे पिवळट मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहा हीच घरे, हीच शाळा, हेच रुग्णालय. पुढे कोटणीस उत्तर चीनमधील आघाडीमागच्या प्रदेशात गेले. रुग्णालय म्हणून वेगळी इमारत अशी असावयाची नाही. खेड्यातील शेतकऱ्यांच्या घरांत जखमी माणसे विभागून ठेवावयाची, आणि जपानी फौज त्या बाजूस वळली की त्यांस उचलून डोंगरात न्यावयाचे. जेवण म्हणजे बहुधा राळा. आपल्याकडे माणदेशाच्या बाजूस पूर्वी राळ्याचा भात गरिबाघरी शिजे. तेच धान्य त्या मुलखात शेतकऱ्याचे आणि शिपायाचे मुख्य अन्न. सोलापूरकडच्या माणसास धान्य ओळखीचे, बाकी सर्व अनोळखी. भारतीय डॉक्टरांनी आपल्या नावांपुढे 'हुआ' हे चीनवाचक अक्षर जोडून चिनी नावे घेतली होती. कोटणीस तेथे के दीहुआ झाले. नाव बदलणे सोपे असते. भाषा शिकणे कठीण, आणि तेही इतकी की तीत शस्त्रक्रिया शिकविता यावी. ते कोटणीसांनी केले. १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांति-रुग्णालयाचे संचालकपद त्यांजकडे आले. रुग्णालयाच्या जोडीस वैद्यकाची शाळाही होती. बाहेरून शिकलेले डॉक्टर फारसे येत नव्हते; तेव्हा शेतकऱ्यांच्या घरची, जेमतेम लिहितावाचता येणारी पोरे हाताशी धरून त्यांसच तयार करणे प्राप्त होते. दिवसा जखमा, रात्री पाठ, आणि मधल्या वेळात त्या पाठांसाठी चिनी भाषेत शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहिणे, असा तो क्रम होता.

तरुणांस शिकविण्याचे काम आणि जखम बांधण्याचे काम यांत आम्हांस मोठा भेद दिसतो. जखम बांधणारा परका असला तरी चालतो. वेदना भाषा विचारीत नाही. परंतु शिकविणारा विद्यार्थ्याच्या मनात शिरतो. काय चांगले, काय हीन, कसे उभे राहावे, मोठ्यांशी कसे बोलावे, हे सर्व तो न बोलताही शिकवीत असतो. परदेशाहून आलेल्या मनुष्यास दुसऱ्यांच्या मुलांवर असा संस्कार करण्याचा अधिकार कोणी दिला? हा प्रश्न उर्मट नाही. उद्या कोणी दूरदेशीचा तरुण उंब्रजेस येऊन आमच्या मुलांस जगण्याची रीत शिकवू लागला, तर आम्ही हाच प्रश्न विचारू, आणि तो विचारावयासच हवा.

याचे उत्तर आम्हांस एका साध्या निरीक्षणात सापडते. कोणत्याही गावी नवा परदेशी आला म्हणजे त्याच्याजवळ प्रथम येतात ती मुले. मोठी माणसे दारातून पाहतात. पोरे जाऊन त्याचा सदरा ओढतात. तो त्यांच्या भाषेत पहिले शब्द बोलतो तेव्हा ती खदखदून हसतात, आणि हसता हसता त्याचे उच्चार सुधारतात. विहिरीची वाट त्यास पोरच दाखवितो. कोणत्या घरचे कुत्रे चावरे, कोणत्या म्हातारीपुढे टोपी काढावयाची, हे पोरच सांगतो. म्हणजे ज्यांस आपण शिकवावयास आलो, त्यांचेच शिष्यत्व त्यास आधी पत्करावे लागते. जेथे हे घडते तेथे अधिकाराचा प्रश्न बराचसा सुटतो. कारण मुलांनी त्यास ओळखलेले असते, त्याचे अज्ञान पाहिलेले असते, आणि पुढे तो जे शिकवील ते मानावयाचे की नाही हे ठरविण्याची हिंमत त्यांस आलेली असते. दुभाष्या मध्ये ठेवून, स्वतःची भाषा न सोडता, जो शिकवितो त्याच्यापुढे मुले हसत नाहीत, गप्प बसतात. आम्ही ही गोष्ट फार वाईट समजतो. कोटणीसांनी व्याख्याने चिनी भाषेत दिली, याचे महत्त्व आमच्या दृष्टीने त्यांच्या शस्त्रक्रियांहून तिळमात्र कमी नाही. परभाषा बोलणारा प्रौढ मनुष्य काही काळ पोरासारखा बोलतो. डॉक्टरची पदवी असलेल्यास हे सोसणे सोपे नसते.

अशा कार्यकर्त्याजवळ स्वतःचे असे एक ध्येय किंवा पंथ असतोच. तो दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे, आणि मुलांवर लादणे त्याहून वाईट. ज्या बेथ्यूनच्या नावाचे रुग्णालय कोटणीसांनी चालविले, तो कॅनडाचा शल्यवैद्य कट्टर साम्यवादी होता. जखमीवर शस्त्रक्रिया करताना झालेल्या विषबाधेने तो १९३९ साली वारला. कोटणीसही १९४२ साली तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. उलट, उंब्रजेवरून वाहत जाणारी कृष्णा खाली मिरजेच्या बाजूस पोहोचते, तेथे कॅनडाचाच दुसरा एक शल्यवैद्य आला होता, विल्यम वानलेस. तो ख्रिस्ती मिशनरी. १८८९ साली तो हिंदुस्थानात आला, १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले, तेथे वैद्यकाची शाळा निघाली, आणि १९२८ पर्यंत तो तेथे राबला. सांगली-मिरजेच्या दरम्यानची वानलेसवाडी त्याच्याच नावाची. ज्यांनी त्याचा धर्म घेतला नाही अशा असंख्य रोग्यांनी त्याची शस्त्रविद्या घेतली, आणि त्याने ती त्यांस दिली. एका कॅनडियनाने मराठी मुलखात येऊन जे केले, तेच एका मराठी माणसाने दुसऱ्या कॅनडियनाच्या मागून चीनमध्ये केले. दोघांचे पंथ परस्परांस छेद देणारे. पण ज्याने दिलेली विद्या त्याचा पंथ नाकारूनही ठेवून घेता येते, त्याच्या कार्याबद्दल आम्हांस भय वाटत नाही. जेथे विद्या पंथास बांधून दिली जाते, घ्यावयाची तर दोन्ही घ्या असे म्हटले जाते, तेथे ती सेवा नव्हे, सौदा आहे.

येथवर आम्ही लष्कराचा विचार केला. पण वाक्प्रचारातील पहिला शब्द 'घरचे' हा आहे, आणि परदेशी सेवेची स्तुती करणारे लेखक नेमके त्या शब्दावरून घाईने पुढे जातात. आम्हांस खरी अडचण तेथेच वाटते.

समर्थ लग्नमंडपातून निघून गेले, ही कथा आपण लहानपणी कौतुकाने ऐकतो. मागे राहिलेल्या आईचे, राणूबाईचे, रडून रडून डोळे गेले आणि कैक वर्षांनी पुत्र भेटला तेव्हा तिने त्यास हाताने चाचपून ओळखले, हा भागही सांप्रदायिक कथेतच आहे. तो आपण ऐकतो आणि सोडून देतो. बोहल्यावर उभ्या राहिलेल्या मुलीचे पुढे काय झाले, याची तर चौकशीही कोणी करीत नाही. उंब्रजेच्या मारुतीस पहिला नैवेद्य जांबेच्या त्या घरातून आला होता, असे म्हटले तर कोणास राग येऊ नये.

याच तालुक्यात, कऱ्हाडजवळ काले येथे, भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि पुढे साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालविले. मुले जेवावयाची होती आणि पैसा नव्हता. तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना काढून दिला, शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथे एक भेद आहे तो पाहण्याजोगा आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतः दिले. त्या त्या मुलांस स्वयंपाक करून वाढीत होत्या, त्यांची नावे जाणत होत्या. पीठ ज्याचे, भाकरीही त्याच्याच हातची होती. राणूबाईस कोणी विचारले नव्हते. दोन्ही त्याग मोठे असतील, पण एक दिलेला आहे आणि दुसरा घेतलेला आहे, आणि आम्ही दोहोंस एकाच तागडीत घालू शकत नाही.

कोटणीसांचे काय? ते घरच्यांस सांगून गेले, वडिलांनी त्यांस जाऊ दिले. पण चीनमध्ये पोहोचून थोडेच महिने झाले असता ते वडील वारल्याची वार्ता आली. घरी आई आणि भावंडे. परत फिरण्यास याहून सबळ कारण कोणते असावे? ते परतले नाहीत. पथकातील चौघे पुढेमागे, कोणी प्रकृतीमुळे, कोणी काम आटोपून, मायदेशी आले. कोटणीसांनी १९४१ च्या अखेरीस त्या शाळेतच परिचर्या शिकविणाऱ्या गुओ चिंगलान हिच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. अपस्माराचे झटके त्यांस येत होते. उपचारासाठी आघाडीपासून दूर जा, असे सांगितले गेले तरी ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी ते वारले. मूल साडेतीन महिन्यांचे होते. शस्त्रक्रियेच्या पुस्तकाचा उत्तरार्ध अपुरा राहिला. सोलापूरच्या घराने एक पुत्र दिला तो दिलाच. पण त्या चिनी खेड्यातही एक घर आता त्याच हिशेबात जमा झाले.

त्यांनी परतावयास हवे होते काय? सुशिक्षित वाचक बहुधा 'नाही' म्हणेल, कारण त्यास शेवट ठाऊक आहे. शेवट ठाऊक नसता, १९३९ साली सोलापुरातील कोणा वडीलधाऱ्याने 'घरी ये' असे पत्र लिहिले असते, तर ते आम्ही चूक ठरविले नसते. आमचा निर्णय एवढाच, की अशा वेळी दोन्ही बाजूंस ऋण असते, आणि एकाची फेड करणारा दुसऱ्याचा ऋणकोच राहतो. थोर कार्याने ते ऋण फिटत नाही. ते फिटले असे जो स्वतःस सांगतो, त्याचे कार्य थोर असले तरी मन संकुचित होते. कोटणीसांच्या बाबतीत तसे मानण्यास काही आधार नाही.

कोणी असा आक्षेप घेईल, की ज्या चीनसाठी हा तरुण मेला, त्याच चीनने १९६२ साली आमच्यावर सैन्य घातले. मग या भाकऱ्या कोणाच्या पोटी गेल्या? हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो ऐकून आम्हांस प्रत्येक वेळी तोच संशय येतो, की बोलणारा माणूस राष्ट्रे आणि माणसे यांत गोंधळ करीत आहे. कोटणीसांनी पाय कापले ते एका राष्ट्राचे नव्हेत. शिकविले ती पोरे होती, त्यांस नावे होती. १९६२ च्या निर्णयात त्यांतील कोणास कोणी विचारले नसेल. शिवाय चीनच्या शिच्याच्वांग शहरी त्यांची समाधी त्या युद्धानंतरही राहिली, आणि चीनचे नेते पुढे या देशी आले तेव्हा कोटणीसांच्या कुटुंबीयांस भेटत राहिले. सोलापूरचे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. यास कोणी राजकारण म्हणेल, थोडे असेलही.

आमच्या परिचयाच्या या खोऱ्यातील एका तरुणास गेल्या वर्षी पूर्व आफ्रिकेतील एका गावी वर्षभर मुलांस गणित शिकविण्यासाठी आणि त्यांच्या खेळांची व्यवस्था पाहण्यासाठी जाण्याची संधी आली. वेतन नाही, जेवण आणि राहणे तेवढे. घरी विधवा आई, दोन एकर ऊस आणि एक म्हैस. तो आमच्याकडे सल्ल्यासाठी आला तेव्हा त्याने जगाच्या बंधुत्वाविषयी बरेच सांगितले, आणि ते सर्व खरे होते. आम्ही त्यास विचारले, की म्हशीची धार कोण काढणार, उसाच्या पाण्याची पाळी रात्री आली तर शेतावर कोण जाणार, आणि आईस कऱ्हाडला दवाखान्यात न्यावयाची वेळ आली तर कोणाच्या गाडीवर? त्याने आईची संमती घेतली होती. पण आईच्या संमतीने म्हशीची धार निघत नाही. ती काढावयाची होती मसुरास दिलेल्या त्याच्या बहिणीने, आणि बहिणीस अद्याप कोणी विचारलेलेच नव्हते.

तो मसुरास गेला. बहिणीने दोन दिवस उत्तर दिले नाही. तिचेही घर आहे, सासरचे लोक आहेत, त्यांस विचारणे भाग होते. तिसऱ्या दिवशी तिने होकार दिला, पण अट घातली, की म्हैस मसुरास आणून बांधावयाची, उसाचे पाणी चुलतभावाने पाहावयाचे आणि त्याचा मोबदला ठरवून द्यावयाचा, आणि महिन्यास एक पत्र तिच्या नावाने यावयाचे, आईच्या नावाने येईल ते वेगळे. चुलतभावाने मोबदला थोडा अधिकच मागितला, तो त्यास द्यावा लागला. मग तो गेला. आजवर बहिणीस चार पत्रे आली आहेत. तिने आम्हांस त्यांतील पहिले वाचून दाखविले. त्यात कामाविषयी काहीच नव्हते, तेथील पोरे त्याच्या बोलण्यास कशी हसतात आणि दुकानात मीठ मागावयास गेला असता त्याने भलतेच काय मागितले, एवढेच सविस्तर लिहिले होते.